रेडियमची पट्टी कुणाला दिसते आणि कुणाला नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे: मांडव, साउंड आणि लाइट अशी तिन्ही कामं करणारी पन्नास-साठ जणांची टीम. वर्षभर उघड्या मैदानावर काम चालतं. लग्नं, सभा, गणपती, थंडीत संगीताचे कार्यक्रम, अधूनमधून एखादी मॅरेथॉन. आता आयोजक सगळ्यांना रिफ्लेक्टिव्ह जॅकेट सक्तीचं करताहेत. बाजारात ऐंशी रुपयांपासून आठशेपर्यंत मिळतात. कुठलं घ्यायचं, पोपटी की केशरी, आणि घेतल्यावर किती टिकतं?

रंग आणि किमतीचं सांगतोच. पण ज्या गोष्टीसाठी हे उत्तर लिहायला बसलो ती आधी सांगतो, कारण जॅकेट विकणारा ती सांगत नाही आणि आयोजकाच्या चेकलिस्टवरही ती नसते.

पंधराएक वर्षांपूर्वी एका मोठ्या कार्यक्रमानंतर पहाटे तीनला माल भरणं चाललं होतं. आमचा एक पोरगा टेम्पोच्या मागे वाकून केबल गुंडाळत होता. अंगात कोरं करकरीत जॅकेट, दोन इंची चकचकीत पट्ट्यांचं. टेम्पो रिव्हर्स आला आणि मागचं चाक त्याच्या घोट्यावरून गेलं. ड्रायव्हर एकच वाक्य परत परत म्हणत होता, "साहेब, दिसलाच नाही." त्याच्यावर कुणीही विश्वास ठेवला नाही, मीही नाही. पोराला दवाखान्यात पोहोचवून परत आलो, त्याच टेम्पोच्या सीटवर बसलो आणि दुसऱ्या एकाला जॅकेट घालून मागे उभं केलं. आरशात बघितलं. राखाडी अंधार, त्यात राखाडी काहीतरी. ड्रायव्हर खरं बोलत होता.

असं का झालं ते समजायला एक मोबाइल पुरे. अंधाऱ्या जागी जॅकेट दोरीवर टांगा आणि पंधरा पावलं लांब उभे राहा. मोबाइलचा टॉर्च डोळ्याच्या अगदी शेजारी, कानशिलाला टेकवून धरा. पट्टी पांढरीशुभ्र पेटलेली दिसेल. आता तोच टॉर्च हात लांब करून कमरेपाशी, बाजूला न्या, उजेड मात्र जॅकेटवरच ठेवा. पट्टी जवळजवळ विझेल. आपण तिला रेडियम म्हणतो, पण तिच्यात रेडियम नाही आणि तिचा स्वतःचा उजेडही नाही. तिच्यात काचेचे अतिशय बारीक मणी असतात, किंवा प्लॅस्टिकचे सूक्ष्म लोलक. त्यांचं काम एकच: उजेड जिकडून आला तिकडेच, अगदी अरुंद झोतात परत पाठवणं. बघणाऱ्याचा डोळा दिव्याच्या जवळ असेल तर पट्टी झळाळते. डोळा आणि दिवा लांब असतील तर तिचा उजेड दिव्याकडे जातो, डोळ्याकडे येत नाही.

हायवेवर समोरून येणाऱ्या गाडीत डोळा आणि हेडलाइट जवळजवळ एका रेषेत असतात. पट्टी मुळात त्या प्रसंगासाठी आहे आणि तिथे ती जीव वाचवते. रिव्हर्स येणाऱ्या टेम्पोत काय होतं बघा. मागचा दिवा टेम्पोच्या शेपटीला, तोही मिणमिणता, अर्ध्या गाड्यांत बंदच. डोळा पुढे केबिनमध्ये, आरशातून बघणारा. पट्टीने परत पाठवलेला उजेड मागच्या दिव्यावरच जाऊन पडतो. मोठ्या ट्रकचं समोरूनसुद्धा थोडं असंच असतं. हेडलाइट खाली, ड्रायव्हर वर. लांबून फरक पडत नाही, पण माणूस दहा मीटरवर आला की कोन वाढतो आणि पट्टी मंद होते. हायड्राचंही, म्हणजे चाकांवरच्या क्रेनचंही तेच, शिवाय तिच्या बूमने, म्हणजे पुढच्या लांब हाताने, एका बाजूची नजर अडलेली असते ती वेगळीच.

आपल्या धंद्यातली हलणारी अवजड वाहनं याच तीन प्रकारची असतात: रिव्हर्स येणारा टेम्पो, उंच ट्रक आणि हायड्रा. म्हणून माझं पहिलं उत्तर जॅकेटबद्दल नाहीच. माल भरायच्या-उतरवायच्या जागेवर दोन फ्लडलाइट वरून लावा, ड्रायव्हरच्या डोळ्यात जाणार नाहीत अशा कोनात. वरचा उजेड असला की जॅकेटचं कापड दिसतं, आणि अशा जागी कापडच कामाचं. कार्यक्रम संपला की आयोजक सगळ्यात आधी जनरेटर बंद करायला बघतो, डिझेल वाचावं म्हणून. शेवटची गाडी बाहेर पडेपर्यंत एक जनरेटर चालू राहील, हे कामाच्या कागदावर लिहून घ्या. मी हे लिहून घेतल्याशिवाय काम घेत नाही.

दुसरं, रिव्हर्स घेताना एकच माणूस इशारा देणार. "येऊ दे, येऊ दे" करत चौघं ओरडतात आणि गाडीच्या पत्र्यावर थाप कुणी मारली ते ड्रायव्हरला कळत नाही. इशारा देणाऱ्याच्या हातात लाल दिव्याची कांडी द्या, जशी ट्रॅफिक पोलिसांकडे असते. ती स्वतः उजेड देते, त्यामुळे आरशातही दिसते. तो दिसेनासा झाला की गाडी थांबवायची, हा नियम ड्रायव्हरला गेटवरच सांगायचा.

एवढं झाल्यावर जॅकेटकडे येऊ.

जॅकेटमध्ये दोन वेगळ्या वस्तू असतात आणि त्यांची कामं वेगळी आहेत. चमकदार कापड दिवसाचं, पट्टी रात्रीची. फ्लोरोसंट कापड डोळ्यांना न दिसणारे अतिनील किरण शोषून घेतं आणि ते दिसणाऱ्या उजेडात बदलून बाहेर टाकतं, म्हणून ते आजूबाजूच्या कुठल्याही रंगापेक्षा जास्त उजळ वाटतं. पहाटे, दिवेलागणीला आणि पावसाळी ढगाळ दिवशी हा फरक सगळ्यात जास्त कळतो. रात्री सूर्य नाही, अतिनील किरण नाहीत, म्हणून ही जादूही बरीचशी नाही. जुन्या पिवळ्या सोडियम दिव्याखाली तर पोपटी, केशरी, पांढरा सगळे एकाच मळकट पिवळ्या रंगाचे दिसतात. पांढऱ्या एलईडीखाली कापड बऱ्यापैकी उठून दिसतं, कारण त्यातल्या निळ्या उजेडानेही पोपटी रंग थोडा चेततो. वर फ्लडलाइट सांगितले ते एलईडीचे घ्या, हे त्यासाठीच.

आता पोपटी की केशरी. परदेशी पुस्तकांत लिहिलेलं असतं की झाडाझुडपांच्या हिरव्या पार्श्वभूमीवर केशरी उठून दिसतो. ब्रिटनच्या रेल्वेने १९६४ साली ग्लासगोमध्ये कामगारांना चमकदार जॅकेटं दिली तीही केशरीच होती. रुळांवर ते बरोबर आहे. पण आपल्या मैदानावर डोळे उघडून बघा. शिवजयंती, गणपती, पालखी, राजकीय सभा, कुठेही जा: भगव्या पताका, भगवी कापडं, भगवे फेटे, झेंडूच्या माळा. त्या गर्दीत केशरी जॅकेट घातलेला माणूस लपतो. मी स्वतः एका शोभायात्रेत आमचाच माणूस दहा मिनिटं शोधत होतो आणि तो चाळीस फुटांवर उभा होता. म्हणून आपल्याकडच्या बहुतेक कामांना पोपटी. शिवाय काही पुरुषांना लाल रंग नीट ओळखू येत नाही, तो त्यांना काळपट दिसतो. केशरी-लाल जॅकेट त्यांच्या डोळ्याला मंद वाटतं, पोपटी वाटत नाही. ड्रायव्हरांमध्येही अशी माणसं असतात आणि कित्येकांना स्वतःला ते माहीत नसतं.

याला अपवाद जेजुरीसारख्या ठिकाणचा. सोमवतीला सगळं पिवळंधमक असतं. भंडारा जमिनीवर, माणसांवर, पायऱ्यांवर, हवेत. तिथे पोपटी बुडून जातो, म्हणून केशरी न्या. हिरव्यागार लॉनवरच्या लग्नाला किंवा पावसाळ्यात डोंगरातल्या शर्यतीलाही केशरी चालेल. नियम एकच: जागेवर जा, पाठीमागे कुठला रंग आहे ते बघा, त्याच्या उलटा रंग निवडा. निळी, जांभळी, गुलाबी जॅकेटंही पट्टी लावून विकतात. मांडवाच्या आत कोण कोणत्या विभागाचा ते ओळखायला ती ठीक आहेत. गाड्यांजवळ चालणार नाहीत, कारण ते कापड बहुतेक वेळा फ्लोरोसंट नसतं.

कामाप्रमाणे रंग वाटायचा मोह टाळा. साउंडला एक, लाइटला एक, मांडवाला एक असं केलं की कागदावर छान दिसतं, पण निम्म्या लोकांच्या अंगावर चुकीचा रंग येतो. जॅकेट सगळ्यांना एकच ठेवा आणि विभाग हेल्मेटच्या रंगाने नाहीतर पाठीवरच्या मोठ्या अक्षरांनी ओळखा. फक्त इशारा देणाऱ्या माणसाला वेगळा रंग द्या, म्हणजे ड्रायव्हरला गर्दीत नेमका तोच शोधता येतो.

ऐंशी रुपयांचं चालेल का? मोजपट्टी घेऊन दुकानात जा, उत्तर तिथेच मिळेल. युरोपच्या ईएन आयएसओ २०४७१ या मानकात तीन वर्ग आहेत. पहिल्या वर्गाला ०.१४ चौरस मीटर चमकदार कापड आणि ०.१० चौरस मीटर पट्टी लागते, दुसऱ्याला ०.५० आणि ०.१३, तिसऱ्याला ०.८० आणि ०.२०. हे आकडे डोळ्यासमोर येत नाहीत, म्हणून असं बघा: पट्टी किमान पाच सेंटिमीटर रुंद हवी. त्या रुंदीने दुसऱ्या वर्गाच्या जॅकेटवर सगळ्या पट्ट्यांची लांबी मिळून २ मीटर ६० सेंटिमीटर भरली पाहिजे, तिसऱ्या वर्गात ४ मीटर. कापड दुसऱ्या वर्गात साधारण सत्तर सेंटिमीटर लांब-रुंद चौकोनाएवढं. स्वस्त जॅकेटात पट्टी एक इंची असते, छातीवर दोन उभे तुकडे आणि पाठीला एक आडवा, एवढंच. कमरेभोवती पूर्ण फिरलेली पट्टी नसेल तर माणूस बाजूने वळला की गायब होतो. आपली माणसं गाडीला बाजूनेच उभी असतात, वाकून, काहीतरी उचलत.

आपल्याकडचं मानक आयएस १५८०९ आहे. लेबलवर हा क्रमांक, आयएसआयची खूण आणि किती वेळा धुता येतं ते छापलेलं बघा. लेबलच नसेल तर मोबाइलची परीक्षा करा: चांगलं जॅकेट आणि दुकानातलं जॅकेट शेजारी टांगून कानशिलाला टॉर्च लावा. राखाडी रंगवलेलं कापड पट्टी म्हणून शिवलेलं मी पाहिलं आहे. दिवसा दोन्ही सारखीच दिसतात, टॉर्च लावला की पितळ उघडं पडतं.

मैदानाच्या आत दुसरा वर्ग पुरतो. रस्त्यावर काम असेल, म्हणजे मॅरेथॉनसाठी पहाटे बॅरिकेड लावणं, कमान उभी करणं, मिरवणुकीच्या वाटेवर केबल ओढणं, तर तिसरा वर्ग घ्या, बाह्या असलेला. साठच्या वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळपास सतरा मीटर जाते. ड्रायव्हरला दिसून, उमगून ब्रेकवर पाय पडायला दोन सेकंद धरले तरी तेहतीस मीटर तसेच गेले, ब्रेक त्यानंतर लागणार. इथे पट्टी आपलं खरं काम करते, कारण हेडलाइट समोरून येतो.

आणि इथेच कमी पैशांत जास्त गुण देणारी एक वस्तू सांगतो: मनगटाला आणि घोट्याला बांधायचे पट्टे. धडावरची पट्टी स्थिर असते. लांबून ड्रायव्हरला ती बोर्ड वाटते, बॅरिकेड वाटते, उभी गाडी वाटते. हात-पाय हलताना दिसले की क्षणात कळतं, हा माणूस आहे. रात्री रस्त्यावरची माणसं ड्रायव्हरला किती लवकर ओळखू येतात यावर जे प्रयोग झाले, त्यांत मनगट, घोटे, गुडघे अशा सांध्यांवरच्या पट्ट्यांचा फायदा ठळक दिसला आहे. खांद्यावर प्लायवूड घेतलेल्या पोराची छाती आणि पाठ झाकलेलीच असते, तेव्हा घोट्यावरचा पट्टाच उघडा राहतो.

स्पॉन्सरच्या लोगोवरून दरवेळी वाद होतो. पाठीवर हातभर लोगो छापला की तेवढं फ्लोरोसंट कापड गेलं, आणि वर्ग खाली घसरला. पट्टीवर छपाई तर अजिबात नको. मी लोगोला छातीवर तळहाताएवढी जागा देतो आणि त्याहून मोठा हवा असेल तर टी-शर्टवर छापा म्हणून सांगतो.

माप हा फार दुर्लक्षित भाग आहे. घाऊक खरेदीत सगळी एक्सएल येतात आणि आपली पोरं असतात सडपातळ. ढगळ जॅकेट ट्रसच्या, म्हणजे दिवे-स्पीकर टांगायच्या धातूच्या सांगाड्याच्या बोल्टला अडकतं, चेन होइस्टमध्ये, म्हणजे साखळीने वजन वर ओढणाऱ्या यंत्रात जातं, जनरेटरच्या पट्ट्याजवळ वाऱ्याने उडतं. म्हणून तीन मापं घ्या, आणि होइस्ट-जनरेटरवाल्यांना खांद्याला व कुशीला वेल्क्रो असलेलं द्या, ओढ बसली की सुटून येणारं. पुढून उघडं ठेवायचं नाही, चेन लावायचीच, नाहीतर समोरची पट्टी दोन्ही कुशींत जाऊन बसते. बायका कामावर असतात, साफसफाईला, स्वयंसेवक म्हणून, आता साउंडलाही. ओढणी किंवा पदर जॅकेटच्या आत खोचायचा, हे पहिल्याच दिवशी सांगावं. त्यांच्या मापाची जॅकेटं वेगळी मागवावीत, कारण पुरुषी माप गुडघ्यापर्यंत येतं आणि चढ-उतार करताना पायात अडकतं.

रिगरसाठी, म्हणजे उंचावर चढून ट्रस बांधणाऱ्यासाठी, हार्नेस (पडण्यापासून वाचवणारा अंगावरचा पट्टा) जॅकेटच्या वरून घालायचा. वरून जॅकेट घातलं तर पाठीची कडी झाकली जाते आणि दोरी भलतीकडेच लागते. हार्नेसच्या पट्ट्यांनी रेडियम झाकलं जातं, म्हणून त्यांना बाह्यांवर पट्टी असलेलं द्या. वेल्डिंग, कटिंग किंवा आतषबाजीजवळच्या माणसाला साधं पॉलिएस्टर जॅकेट घालू देऊ नका. ठिणगी पडली की ते वितळून कातडीला चिकटतं. त्याला आगीला टिकणाऱ्या कापडाचं जॅकेट लागतं. ते महाग आहे, पण असे दोघं-तिघंच असतात.

पावसाळा. गणपतीत सगळे जॅकेटवर काळा-निळा रेनकोट चढवतात आणि सगळा खर्च रेनकोटच्या आत जातो. एक तर पट्टीवाला पोपटी रेनकोट घ्या, नाहीतर एक माप मोठं जॅकेट घेऊन रेनकोटच्या वरून घाला. उघड्या काचमण्यांच्या पट्टीवर पाण्याचा थर बसला की ती बरीच मंदावते. लोलकवाली, वरून प्लॅस्टिकने बंद असलेली, मधमाशीच्या पोळ्यासारखी दिसणारी पट्टी पावसात जास्त चांगली टिकते. पावसाच्या कामाला ती मागा.

गुलाल हा पट्टीचा मोठा शत्रू आहे. मिरवणुकीत तासाभरात मण्यांच्या मधल्या जागा भरतात आणि पट्टी गुलाबी, मुकी होते. कोकणातली लाल माती आणि भंडारा तेच करतात. मिरवणुकीत प्रत्येकाच्या खिशात एक ओलं फडकं ठेवा आणि दर दोन तासांनी एकमेकांच्या पाठीची पट्टी पुसायला सांगा. घासायचं नाही, पुसायचं.

धुणं घरी दिलं की जॅकेट संपलं. आपल्याकडे दगडावर आपटतात, ब्रशने घासतात, सोड्यात भिजवतात, वरून इस्त्री फिरवतात. मणी झडतात, पट्टी काळवंडते. कोमट किंवा गार पाणी, साधी पावडर, हाताने दाबून धुणं, सावलीत वाळवणं. ब्लीच नाही, इस्त्री नाही. सतत उन्हात वाळवलं तर पोपटी रंग फिकट लिंबासारखा होतो आणि त्याचं फ्लोरोसंटपण जातं. लेबलवर पंचवीस धुण्यांचा आकडा असेल, तर तो प्रयोगशाळेतल्या धुण्यांचा आहे, ऊन-माती-गुलालाचा त्यात हिशोब नाही. रोजच्या वापरात माझी जॅकेटं साधारण एक हंगाम जातात. दर महिन्याला एका रात्री सगळी दोरीवर टांगून टॉर्च मारायचा. नव्याच्या शेजारी जे मेलेलं दिसेल ते कात्रीने कापून टाकायचं. नुसतं बाजूला ठेवलं की कुणीतरी गर्दीच्या दिवशी परत घालतं.

कार्यक्रम सुरू झाल्यावर स्टेजवर जॅकेट नको, काळे कपडेच. कॅमेऱ्याच्या फ्लॅशने पट्टी पेटते आणि फोटो वाया जातो, छायाचित्रकारांची ती तक्रार रास्त आहे. पण ती वेळ ठरवून घ्या: स्टेज ताब्यात दिल्यावर जॅकेट काढायचं, शेवटचं गाणं संपलं की माल हलवायच्या आधी परत घालायचं. आमचा अपघात नेमका अशाच अदलाबदलीच्या वेळी झाला होता, दिवे उतरलेले आणि गाड्या आत घेतलेल्या. एलईडी भिंतीच्या झगमगाटात चार तास काढलेल्या डोळ्यांना अंधारात दिसायला वेळ लागतो. मी गाड्या आत सोडायच्या आधी वीस मिनिटं चहा देतो.

जॅकेटचे पैसे मजुरीतून कापू नका. कापले की पोरं ते जपून घरी ठेवतात आणि कामावर फाटकं घालून येतात. नंबर घालून पेटीत ठेवा, सकाळी सही, रात्री परत.

साठ जणांची खरेदी मी करणार असेन तर अशी करेन: दुसऱ्या वर्गाची पोपटी सत्तर, तीन मापांत, कारण दहा नेहमी धुण्यात असतात. तिसऱ्या वर्गाची बाह्यांची पंधरा, रस्त्याच्या कामाला आणि रिगरला. केशरी सहा, त्यातली दोन इशारा देणाऱ्यांची आणि चार भंडाऱ्याच्या किंवा हिरव्या मैदानांसाठी. मनगट-घोट्याचे पट्टे साठ जोड्या. आगीला टिकणारी तीन. लाल कांड्या चार, बॅटरीसकट. पैसे कमी पडत असतील तर जॅकेटं एकदम नको, दोन हप्त्यांत घ्या, पण फ्लडलाइट आणि कांड्या पहिल्याच हप्त्यात.